नारळाच्या कचऱ्यापासून लाकडी व्हिनेगर

करवंटी, सोडण असा नारळाचा टाकाऊ भाग जवळजवळ हवाबंद भांड्यात तापवून, निघालेला धूर थंड केल्यावर मिळणारा तपकिरी, धुरकट वासाचा आंबट द्रव. यात सुमारे ८० ते ९० टक्के पाणी असते. उरलेल्यात ॲसिटिक आम्ल मुख्य, शिवाय मिथेनॉल, फरफ्युराल आणि फिनॉल वर्गातील संयुगे. सामू (पीएच) साधारण २ ते ३. कोकणात गजकर्णावर लावतात ते करवंटीचे तेल याचेच दाट, डांबरी भावंड.

करवंटीत लिग्निनचे (लाकडाला टणकपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण मोठे असल्याने तिच्या द्रवात फिनॉल भरपूर उतरते. सोडणात पाणी आणि क्षार जास्त. म्हणून दोन्ही एकाच भट्टीत घालू नयेत. मिसळलेल्या मालाच्या पृथक्करणातून, म्हणजे रासायनिक तपासणीतून, काहीच नीट कळत नाही. बडोद्यात ही काळजी विशेष घ्यावी लागते. इथला बराचसा कचरा शहाळ्यांचा असतो. शहाळे ओले, आणि त्याची करवंटी पुरती टणक झालेली नसते. कडक करवंटी मिळते ती देवळांत फोडलेल्या नारळांची, दांडिया बाजारातल्या मराठी घरांतल्या ओटीच्या नारळांची, आणि गणपतीच्या दहा दिवसांत सर्वांत जास्त. ती वेगळी गोळा करून खोबऱ्याचा अंश खरवडावा, नाहीतर तेलकट धूर येतो. शहाळ्याची टरफले चिरून कडक उन्हात कित्येक दिवस वाळवल्याशिवाय भट्टीत घालू नयेत. पावसाळ्यात तो नाद सोडावा.

तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लाकडाच्या तंतूंतले घटक फुटतात: आधी हेमिसेल्युलोज, मग सेल्युलोज. लिग्निन सावकाश, ५०० अंशांपर्यंत फुटत राहते. धुराच्या नळीच्या तोंडाशी ८० ते १५० अंश असतील तेवढ्या वेळातलाच द्रव धरावा. जाणकार धुराकडे पाहतो: सुरुवातीला पांढरा, दमट, मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा. तो निळसर, विरळ झाला की द्रव धरायचे भांडे बाजूला घ्यायचे, कारण पुढे डांबर वाढते. नळी स्टेनलेस स्टीलची किंवा बांबूची हवी. साधे लोखंड आम्लाने खाल्ले जाते आणि द्रव काळा पडतो.

ताजा द्रव वापरू नये. तीन ते सहा महिने झाकून ठेवला की तीन थर पडतात: वर हलके तेल, खाली डांबर, मध्ये चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा पारदर्शक थर. हवा तो मधला, आणि तो भांडे न हलवता नळीने ओढून घ्यायचा.

पृथक्करणाची सुरुवात सामू आणि घनतेपासून होते. आम्लता ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने मोजतात. सोड्याचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ६ मिलिग्रॅम ॲसिटिक आम्ल. आम्ल संपल्याची खूण म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाची गुलाबी छटा, मात्र द्रवाच्या रंगात ती बुडते, म्हणून नमुना खूप पातळ करावा किंवा सामूमापक लावावा. एकूण फिनॉल रंगमापनाने कळते. एकेक संयुग ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफी (संयुगे वेगळी करणारी) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (वस्तुमानावरून ती ओळखणारी) यांची जोड लागते. कर्करोगकारक बहुचक्री हायड्रोकार्बन आहेत का, हेही त्याच यंत्रावर पाहता येते. ही शेवटची तपासणी न करता द्रव भाजीच्या वाफ्यावर मारणे मला गैर वाटते.

पिकावर फवारताना तो २०० ते ५०० पट पाण्यात मिसळतात. निव्वळ फवारला तर पाने करपतात. तळचे डांबर कुंपणाच्या लाकडी खांबांना लावता येते, आणि भट्टीत उरलेला करवंटीचा कोळसा सक्रिय कार्बन करणारे घेतात.