दम आधी येतो, शीर मागून

पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं मी मोजतो. उजवी टाच फरशीला टेकली की पोटरीपर्यंत कळ जाते, रात्रीतून कुणी टाचेमागची शीर दोन बोटं आखूड करून ठेवल्यासारखी. भिंतीला धरून स्वयंपाकघर गाठायचं, चहाचं आधण ठेवायचं, तोवर टाच सैल होते. साडेपाचला लंगडणारा हा माणूस सहाला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पळताना दिसला की टॉवरपाशी बसलेली ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "मास्तर, कशाला पळायलासा ह्या वयात? गुडघं जातील की!"

वय एक्कावन्न. गुडघे शाबूत आहेत. गेली ती टाच, आणि तीही माझ्याच आगाऊपणानं.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याचं लग्न आणि कॉलेजातल्या परीक्षा यांत तीन आठवडे पळणं बंद पडलं. त्याआधीही मी काही फार लांब पळत नव्हतो. घरातून निघून रंकाळ्याचे दोन फेरे मारून परत, म्हणजे नऊ किलोमीटर. लग्नानंतर पुन्हा सुरुवात केली आणि दुसऱ्याच रविवारी आमचं टोळकं पन्हाळ्याकडं निघालं. शिवाजी पूल ओलांडला, नदीवरचं धुकं अंगावर घेतलं, केर्ली मागं पडली. दम म्हणून लागत नव्हता. वाघबिळाला थांबायचं ठरलं होतं, पण तिथं पोचल्यावर नाद सुटेना, घाट चढायला घेतला. घड्याळात अठरा किलोमीटर झाल्यावर थांबलो आणि एसटीनं घरी आलो. त्या दिवशी काहीही दुखलं नाही. दुखलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या पहिल्या दहा पावलांना.

दम लागत नव्हता, खरी मेख तिथंच आहे. पळायला लागलं की शरीरातली प्रत्येक गोष्ट आपापल्या चालीनं सुधारते. रक्तातला द्रव काही दिवसांतच वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जेची भट्टी पाच-सहा आठवड्यांत चांगली पेटते. पण स्नायूला हाडाशी बांधणारी शीर, जिला पुस्तकात कंडरा आणि डॉक्टरांच्या तोंडी टेंडन म्हणतात, ती सगळ्यात मागं राहते. तिच्यात पेशी थोड्या, रक्तपुरवठा तुटपुंजा, बाकी सगळे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे पीळ. तिला नव्या ओझ्याला सरावायला तीन-तीन महिने लागतात. म्हणजे छाती 'चल पुढं' म्हणत असते तेव्हा टाच अजून गेल्या महिन्यातच असते. वयाच्या पंचविशीत हे अंतर अंगावर निघतं. चाळिशीनंतर निघत नाही.

टाचेमागच्या या शिरेवर, अकिलीस टेंडनवर, पळताना येणारा ताण अंगाच्या वजनाच्या सहा ते आठ पट असतो. माझं वजन सत्तर किलो. म्हणजे दर पावलाला सव्वाचार ते साडेपाच क्विंटल. गंगावेशीत धारोष्ण दुधासाठी कट्ट्यापाशी म्हशी उभ्या असतात, त्यातली एक अख्खी म्हैस त्या बोटभर जाडीच्या दोरीवर टांगायची. आणि एकदा नाही, माझ्या संथ पळण्यात किलोमीटरला साधारण अकराशे पावलं पडतात, त्यातली निम्मी उजव्या पायाची. हिशेब केला तर ही शीर दुखते कशी, यापेक्षा एरवी ती दुखत नाही कशी, याचंच नवल वाटतं.

ही शीर किती जुनी असते, हे शास्त्रज्ञांनी अणुबॉम्बच्या मदतीनं मोजलं आहे. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळं हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट झाला. चाचण्या थांबल्यावर तो वर्षागणिक उतरत गेला. हवेतला कार्बन पिकांत, पिकांतला अन्नात, अन्नातला आपल्या अंगात. त्यामुळं शरीरातला एखादा भाग कधी बनला, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा रीतीनं अकिलीस टेंडनचा गाभा तपासला. स्नायू सतत नव्यानं बनत होते, पण या शिरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत जो बनला, तोच होता. त्यानंतर त्यात जवळपास बदल नाही.

हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ टाच हातात धरून बसलो. म्हणजे आज रंकाळ्यावर ज्या दोरीवर मी पळतोय ती मी अकरावीत असतानाची आहे. पेठेतल्या पोरांबरोबर अनवाणी फुटबॉल खेळायचो, तेव्हाची. घरात त्या काळातली दुसरी कुठलीही वस्तू आता चालत नाही.

मग उपाय काय? मी पहिल्यांदा गेलो त्या डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली आणि माझ्याकडं न बघता सांगितलं, "पळणं बंद करा. चाला." सहा आठवडे बंद केलं. दुखणं गेलं. सातव्या आठवड्यात रंकाळ्याचा एक फेरा मारला आणि दुखणं परत आलं, उलट दोन पावलं पुढंच. तेव्हा राग आला होता. आज कळतं की विश्रांतीनं कळ शमते, पण शीर घडत नाही. बिनओझ्याची शीर आणखी ढिली पडते, आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा कमी ताणात कुरकुरते.

पुढं एका फिजिओथेरपिस्टबाईंनी मला जिन्याची पायरी दाखवली. या व्यायामाचं मूळ स्वीडनमध्ये आहे. हाकान अल्फ्रेडसन नावाच्या अस्थिशल्यचिकित्सकाची स्वतःचीच टाच दुखत होती. शस्त्रक्रिया करा म्हणून तो वरिष्ठांच्या मागं लागला, त्यांनी नकार दिला. मग याच्या डोक्यात आलं की शीर तुटलीच तर करावीच लागेल. म्हणून त्यानं ती तोडायच्या इराद्यानं वजन घेऊन टाचा खाली सोडायचा सपाटा लावला. शीर तुटली नाही, बरी झाली. ही हकिगत तो स्वतः सांगतो. १९९८ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी पंधरा हौशी पळणाऱ्यांवर हा व्यायाम बारा आठवडे करून पाहिला. त्यांचं सरासरी वय चव्वेचाळीस, सगळे शस्त्रक्रियेच्या रांगेतले. पंधराच्या पंधरा पुन्हा पळू लागले. पंधराच माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत निकाल इतके नेत्रदीपक आले नाहीत, पण ओझं हेच औषध, हा मुद्दा टिकला.

व्यायाम असा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा हवेत. धडक्या पायाच्या जोरावर वर जायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश, अगदी सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. वर येताना पुन्हा धडका पाय. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन फेरे, कारण वाकवल्यावर पोटरीतला आतला स्नायू कामाला लागतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला एकशे ऐंशी. दुखतं, आणि थोडं दुखलं तर चालतं. दुखेनासं झालं की पाठीवर वजन घ्यायचं. मी मुलाच्या जुन्या सॅकमध्ये पाच किलोची गुळाची ढेप घातली होती. चौथ्या दिवशी सॅकसकट मला मुंग्या लागल्या, मग तिच्या जागी आजरा घनसाळ तांदळाची पिशवी आली. आमच्या जिन्यावर शेजारच्या वहिनी भाजी घेऊन चढत होत्या. त्या थांबल्या, माझी एक टाच खाली जाऊन वर येईपर्यंत बघितलं आणि काही न बोलता बाजूनं गेल्या.

हे जगाला नवीन असेल, कोल्हापूरला फारसं नाही. तालमीत बैठक मारताना खाली जाताना टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो, आणि वस्ताद पहिल्या दिवशी पाचशे सांगत नाही. आमच्या गल्लीत तांबड्या मातीत घुमलेले एक काका आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. कुस्ती सुटून जमाना झाला, बैठका सुटल्या नाहीत. वयाबरोबर स्नायू घटतात, त्यातही झटक्यानं जोर लावणारे जलद तंतू आधी. आणि पळताना सगळ्यात जास्त ताकद कमी होते ती घोट्याची, मांडीची किंवा खुब्याची नव्हे. म्हणून तरुण पोरं गुडघा धरून बसतात आणि आम्ही पोटरी नाहीतर टाच. आठवड्यातून दोनदा बैठका आणि टाचा उचलणं, हा पन्नाशीतल्या पळणाऱ्याचा खरा सराव. पळणं ही त्यावरची तर्री.

दुखत असताना पळावं की नाही? याचंही उत्तर स्वीडनमधूनच आलं. २००७ मध्ये तिथं अकिलीसच्या ३८ रुग्णांना दोन गटांत वाटलं. व्यायाम दोघांना तोच. एका गटानं पहिले सहा आठवडे पळणं-उड्या बंद ठेवल्या, दुसऱ्यानं चालू ठेवल्या, मात्र एका अटीवर. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे, पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पुन्हा खाली आलं पाहिजे. वर्षानं पाहिलं तर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. तेव्हापासून आमच्या कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी माझ्या टाचेचे गुण असतात. दूध दोन, टाच तीन.

एक दिवस दाबून पळाल्यावर मधे दोन दिवस का ठेवायचे, याचंही कारण आहे. गाभा जुनाच राहिला, तरी ताण पडल्यावर शिरेत थोडंफार कोलॅजेन मोडणं आणि नवं विणणं दोन्ही सुरू होतं. पहिला दीड दिवस मोडणं पुढं असतं, जमेची बाजू त्यानंतर सुरू होते. रोज दाबून पळणारा माणूस रोज मोडीच्या वेळीच पुन्हा जाऊन उभा राहतो.

पळणाऱ्यांत एक नियम पिढ्यान्पिढ्या चालत आलाय, आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर तो तपासला. नियम पाळणाऱ्यांत आणि भराभर वाढवणाऱ्यांत दुखापती सारख्याच, दोन्हीकडं पाचातल्या एकाला. मग २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त पळणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदी दीड वर्ष पाहिल्या, तेव्हा गोम वेगळीच निघाली. आठवड्याच्या बेरजेतल्या वाढीनं दुखापती वाढलेल्या दिसत नव्हत्या. घात करत होती एका दिवसाची उडी. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांनी जास्त झाली की दुखापतीचं प्रमाण वाढायचं, दुपटीच्या पुढं गेली की प्रमाणही दुपटीहून अधिक. माझे नऊ आणि त्या रविवारचे अठरा. वाघबिळाच्या फाट्यावर हे गणित कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं, असं मात्र म्हणवत नाही.

आता टॉवरपाशीच्या मंडळींचा गुडघा. सांध्यातली कूर्चा, आपण जिला गादी म्हणतो, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पाऊल पडलं की ती दबते, उचललं की फुगते, आणि या दाबण्या-फुगण्यातूनच तिला सांध्यातल्या द्रवातलं पोषण मिळतं. बसून राहिलेल्या गुडघ्याला ते कमी मिळतं. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून पाहिलं, तेव्हा गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के आढळला, बैठ्या माणसांत १०.२ टक्के. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंत मात्र १३.३. आधीच सांधा धड असलेली माणसंच पळत राहतात, हेही यात आलंच, तेव्हा पळण्यानं संधिवात टळतो असं मी म्हणणार नाही. पण झिजतात म्हणणाऱ्यांचं पारडं हलकं आहे.

छातीकडं दुर्लक्ष नको. घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, चढाला छातीत दाटत असेल, तर आधी तपासणी, मग बूट. पाळी थांबण्याच्या वयातल्या बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. पळताना नडगीत किंवा पावलात एका बोटावर मावेल इतक्याच जागी दुखायला लागलं तर ते टाचेसारखं अंगावर काढायचं नाही, हाडाला तडा असू शकतो. इथं दहापैकी गुणांचा खेळ चालत नाही.

एवढं करून पदरात काय पडतं? धापा न टाकता जोर धरून राहायची क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते, नेटानं व्यायाम करणाऱ्यांत ही घट जवळपास निम्मी राहते. कॅनडातले एड व्हिटलॉक हे निवृत्त खाण अभियंते घराजवळच्या दफनभूमीत तासन्तास संथ फेऱ्या मारायचे. २००४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली. ते वरदान आपलं नव्हे. आपल्या कामाचा आकडा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा आहे. तिथं १९८४ पासून पन्नाशीपुढच्या पळणाऱ्यांवर आणि न पळणाऱ्यांवर नजर ठेवली होती. एकोणीस वर्षांनी पळणाऱ्यांतले १५ टक्के गेले होते, दुसऱ्या गटातले ३४. उठणं-बसणं, कपडे घालणं, जिना चढणं परक्याच्या हाती जायची वेळही पळणाऱ्यांवर कित्येक वर्षं उशिरा आली.

या रविवारी टोळकं पुन्हा पन्हाळ्याला निघालंय. आज सकाळी टाचेला दोन गुण. गेल्या तीस दिवसांतली माझी लांब धाव अकराची, म्हणजे यावेळी बारा. शिवाजी पुलावरून पुढं सहा भरले की मागं वळायचं, केर्लीच्या अलीकडंच. बाकीचे घाटातून परत येईपर्यंत माझी मिसळ खाऊन झालेली असेल.