दलालीचा हक्क (स्थावर मालमत्ता)

जमीन, घर किंवा गाळा यांच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्या दलालाला मोबदला मागण्याचा कायदेशीर अधिकार कोणत्या टप्प्यावर मिळतो, यासंबंधीची संकल्पना. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१९ नुसार, वेगळा करार नसेल तर नेमून दिलेले काम पूर्ण झाल्याखेरीज अभिकर्त्याचा (दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचा, म्हणजे येथे दलालाचा) मोबदला देय होत नाही. दलालाने किती खेटे घातले, किती जागा दाखवल्या, यावरून हा हक्क ठरत नाही. काम म्हणून काय ठरले होते, हाच कळीचा प्रश्न असतो.

सोलापुरात, विशेषतः जुळे सोलापूर किंवा होटगी रस्ता अशा वाढत्या वस्त्यांतील प्लॉटच्या व्यवहारांत, दलाली बहुधा तोंडीच ठरते आणि वाद तेथूनच सुरू होतो. मालक ‘या भावाला गिऱ्हाईक आणा’ एवढेच म्हणाला असेल, तर त्या किमतीस तयार आणि पैसे देण्यास समर्थ असा ग्राहक आणून दिल्यावर दलालाचे काम पूर्ण झाले, असे म्हणता येते. ‘खरेदीखत झाल्यावर टक्का देतो’ असे ठरले असेल, तर विसार (आगाऊ रक्कम) दिला गेला, साठेखतही (पुढे विक्री करण्याचा करार) झाले, परंतु दुय्यम निबंधकापुढे खरेदीखत नोंदवले गेलेच नाही, अशा स्थितीत दलालाचा दावा सहसा टिकत नाही. ग्राहक आणल्यावर मालकाने परस्पर त्याच्याशीच व्यवहार उरकला, तर मात्र दलाली बुडत नाही, कारण व्यवहार जुळला तो दलालामुळेच. कोलकात्यातील एका घराविषयीच्या १९५० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने, मालकाच्या वतीने विक्रीचा करार करण्याचा अधिकार दलालाला नसला तरी ग्राहक मिळवून दिल्याबद्दलचा त्याचा मोबदला मान्य केला.

कामाच्या ज्या भागात दलालाने गैरवर्तन केले, त्या भागाचा मोबदला तो करार अधिनियमाच्या कलम २२० नुसार गमावतो. दोन्ही पक्षांकडून टक्का घेण्याची रूढी असली, तरी एका पक्षापासून ती गोष्ट लपवणे धोक्याचे ठरते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंडाच्या विक्रीत मध्यस्थी करण्यासाठी दलालाची नोंदणी सक्तीची आहे. ती नसल्यास दररोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि मनाई असलेल्या कामाची दलाली न्यायालयामार्फत वसूल करणे अर्थातच अवघड जाते. जुन्या घराच्या दोन व्यक्तींमधील फेरविक्रीला ही अट लागू नाही.