मोठा माल की जड माल? ओडीसी आणि ओव्हरवेटमधली गल्लत

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतून ट्रान्सपोर्टवाल्याकडे येणारी चौकशी बहुतेक वेळा एका ओळीची असते. "न्हावाशेव्यातून बेळगावला माल आणायचाय, पंधरा टन आहे, भाडं किती?" माल विमानाच्या भागांचा असेल तर या ओळीत कामाचं काहीच नसतं. पंधरा टन साधा ट्रेलर सहज नेतो. पण तेच पंधरा टन 4.2 मीटर रुंदीच्या पेटीत असले की गाडी, परवानगी, रस्ता, वेळ आणि भाडं सगळं बदलतं. तरी आपल्याकडे ओव्हरलोड, ओव्हरवेट आणि ओडीसी (ओव्हर-डायमेन्शनल कार्गो, म्हणजे मापाबाहेरचा माल) हे तिन्ही शब्द सरसकट एकाच अर्थानं वापरले जातात. मग पेटी बंदरात उतरल्यावर कळतं, की मागवलेली गाडी चुकीची आहे. तिथून पुढे दिवसागणिक डिटेन्शन (खोळंब्याचं भाडं) चढायला लागतं.

वजनाचं गणित इथे कुणाला शिकवायला नको. ऊस, वाळू आणि कास्टिंग वाहणाऱ्या जिल्ह्यात काटा सगळ्यांनाच कळतो. उजळणीपुरतं सांगायचं तर 2018 च्या सुधारणेनंतर चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला 11.5 टन, जोड अ‍ॅक्सलला 21 टन, तीन अ‍ॅक्सलच्या गटाला 27 टन आणि ट्रॅक्टर-ट्रेलरला (पुढची ओढणारी गाडी आणि मागचा ट्रेलर) एकूण 55 टन अशी मर्यादा आहे. तिच्यापलीकडे गेलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1) प्रमाणे 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. माल जड आणि अविभाज्य असेल तर हायड्रोलिक अ‍ॅक्सल (उंची कमी-जास्त करता येणारे, अनेक चाकांचे) लावायचे, दर अ‍ॅक्सल लाइनला (चाकांच्या एका आडव्या रांगेला) 18 टनांच्या आत राहायचं आणि वाटेतल्या पुलांचा हिशेब द्यायचा. वजनाबद्दल एवढं पुरे.

मापाचा नियम वेगळ्या पोटकलमात आहे, 194(1अ) मध्ये. माल बाजूला, पुढे, मागे किंवा वर मर्यादेबाहेर गेला की 20,000 रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. काट्यावर गाडी निम्मी भरली तरी हा दंड बसतो. रुंदी 2.6 मीटर, उंची 4 मीटर (कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरला 4.52) आणि ट्रॅक्टर-ट्रेलरची एकूण लांबी 18.75 मीटर. यातलं एकही माप ओलांडलं की माल ओडीसी झाला. त्याचं वजन तीन टन असो की तीनशे.

सगळा घोळ होतो तो इथे. वजनाची परीक्षा चाकाखाली होते, मापाची चाकाच्या वर आणि बाजूला. जड माल पूल, मोरी आणि डांबराला त्रास देतो. मोठा माल वायर, कमान, झाड, टोलची लेन आणि वळणावरच्या दुकानाच्या पत्र्याला भिडतो. दोघांचे अडथळे वेगळे, त्या अडथळ्यांचे मालक वेगळे आणि उपायही वेगळे. पुलासाठी महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे जावं लागतं. वायरीसाठी महावितरण, उच्चदाबाची लाइन असेल तर महापारेषण, आणि फाटकासाठी रेल्वे. एकाची परवानगी हातात आहे म्हणून दुसऱ्याची लागणार नाही, असं होत नाही.

विमानाचे भाग जवळजवळ नेहमी दुसऱ्या गटात पडतात. मोठे, पोकळ, हलके. अमेरिकेच्या स्पेस शटलची ईटी-94 ही बाह्य इंधनटाकी 2016 मध्ये बार्जवरून लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे इथे उतरवली आणि रस्त्यानं विज्ञान केंद्रात नेली. लांबी सुमारे 47 मीटर, व्यास 8.4 मीटर, आणि वजन साधारण 30 टन. वजनाला आपल्याकडच्या भरलेल्या ट्रेलरएवढीच, पण तिच्यासाठी रात्रभर रस्ते मोकळे ठेवावे लागले.

त्याच शहरात ऑक्टोबर 2012 मध्ये एंडेव्हर हे शटल यान विमानतळावरून रस्त्यानं नेलं, तेव्हा एकाच फेरीत दोन्ही प्रश्न वेगवेगळे समोर आले. पंखांच्या रुंदीपायी सुमारे 400 झाडं तोडावी लागली. पुढे 405 महामार्गावरच्या पुलावर मात्र अडचण वजनाची होती. यान ज्या स्वयंचलित ट्रान्सपोर्टरवर होतं ते त्या पुलाला जड होते. म्हणून तेवढ्या टप्प्यापुरतं यान हलक्या डॉलीवर घेतलं आणि साध्या पिकअपनं ओढलं. झाडं तोडून पुलाचा प्रश्न सुटला नसता आणि डॉली बदलून झाडं वाचली नसती.

आपल्याकडे सर्रास होणारी चूक उलट्या दिशेची आहे. पेटी मोठी दिसते, म्हणून "सुरक्षित राहू दे" म्हणत हायड्रोलिक अ‍ॅक्सल मागवला जातो. हे मला अजिबात पटत नाही, आणि आकडे मांडले की का पटत नाही ते दिसतं. समजा पंखाच्या भागाची पेटी 14 मीटर लांब, 4.2 रुंद, 3.6 उंच आणि 15 टनांची आहे. लो-बेडचा, म्हणजे कमी उंचीच्या ट्रेलरचा, डेक (माल ठेवायचा पृष्ठभाग) जमिनीपासून 0.95 मीटरवर धरा. एकूण उंची 4.55 मीटर. हायड्रोलिकचा डेक चालत्या स्थितीत 1.15 मीटरवर धरा. उंची झाली 4.75. पर्यायी रस्त्यावर विजेच्या लाइनचं रेल्वे फाटक आडवं आलं, तर तिथला हाईट गेज (उंची अडवणारी आडवी कमान) 4.67 मीटरचा असतो. लो-बेड 12 सेंटिमीटर राखून निघून जातो. हायड्रोलिक 8 सेंटिमीटरनं अडकतो, आणि मग रेल्वेकडून वीजपुरवठा बंद करून घेण्याची वेगळी परवानगी काढावी लागते. हायड्रोलिक खाली बसवता येतो हे खरं, पण ते एखादा अडथळा सरपटत पार करण्यापुरतं. सगळा प्रवास तळाला टेकवून होत नाही. वर 15 टनांसाठी सहा-आठ अ‍ॅक्सल लाइनचं भाडं भरायचं, वेग घटवायचा आणि परवानगीच्या अर्जात गाडीचं स्वतःचं वजन फुगवून नको असलेला पुलाचा प्रश्न ओढवून घ्यायचा. जादा अ‍ॅक्सलनं वजन वाटलं जातं. पेटीची रुंदी त्यानं एका बोटानंही कमी होत नाही.

रुंदीचं पाहा. टोलनाक्याची साधी लेन 3.2 मीटरची, कडेची रुंद लेन 4.5 मीटरची. 4.2 मीटरच्या पेटीला दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटर उरतात. ताडपत्रीच्या गाठी, बाहेर आलेले रॅचेट आणि चेनचे हुक तेवढी जागा सहज खातात. म्हणून रुंदी मोजायची ती लॅशिंग (माल बांधणं) पूर्ण झाल्यावर, सगळ्यात बाहेर आलेल्या हुकापासून समोरच्या हुकापर्यंत. ड्रॉइंगवरची रुंदी परवानगीच्या अर्जात लिहिणारे आनेवाडी, तासवडे किंवा किणीच्या नाक्यावर पोचेपर्यंत निर्धास्त असतात. उंचीचंही तसंच. माल चढवल्यावर, टायरमध्ये ठरलेली हवा भरून, चालत्या स्थितीत माप घ्यायचं. रिकाम्या डेकच्या उंचीत पेटीची उंची मिळवणं हा अंदाज झाला.

लांबीचा प्रश्न सरळ रस्त्यावर दिसतच नाही. तो वळणावर कळतो. पुढचं टोक 20 मीटर त्रिज्येनं पूर्ण वळलं आणि किंगपिनपासून (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडणारी खीळ) मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत 12 मीटर अंतर असलं, तर मागची चाकं 4 मीटर आत कापतात. तेच अंतर 16 मीटर झालं की 8 मीटर. लांबी एक तृतीयांशानं वाढली आणि आतला कट दुप्पट झाला. शिवाय मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लोंबणारं शेपूट वळणाच्या बाहेरच्या बाजूला फिरतं आणि तिथला खांब, पाटी किंवा उभी दुचाकी घेऊन जातं. पवनचक्कीची पाती नेणाऱ्या गाड्यांचे मागचे अ‍ॅक्सल वळणारे असतात ते यासाठीच. आंबा घाटातून जयगडचा माल कोल्हापूरला आणायचा विचार करणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा. अंतर कमी आहे म्हणून घाटाचा रस्ता निवडणं लांब पेटीच्या बाबतीत मला मान्य नाही. न्हावाशेव्याहून पुणे, सातारा, कऱ्हाड ही वाट लांबची असली तरी वळणं मोठी आहेत. तिथेही साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा चढ, सहापदरीकरणाची वळवलेली वाट आणि महामार्ग सोडून एमआयडीसीत शिरतानाचा शेवटचा कोपरा, या तीन जागा पायी फिरून मोजल्याशिवाय तारीख देऊ नये. लो-बेड घेतला असेल तर गतिरोधकही बघायचे, त्याचं पोट टेकतं.

हलक्या मोठ्या मालाला वाराही लागतो, आणि हे वजनदार मालाची सवय असलेल्यांच्या डोक्यात येत नाही. 14 बाय 3.6 मीटर म्हणजे 50 चौरस मीटरची बाजू. ताशी 54 किलोमीटरचा आडवा वारा तिच्यावर सुमारे 700 किलोचा दाब देतो, आकारानुसार जास्तही. 80 टनांच्या मालाला तो जाणवत नाही. 15 टनांची उंच पेटी डोलते. वादळी पावसाचा इशारा असेल तर गाडी आडोशाला उभी करायची.

आता वजनाच्याच घरातली एक गोष्ट, जी विमानाच्या मालात फसवते. कारखाना भागाचं वजन सांगतो आणि जिगचं, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचं, सांगत नाही. 5 टनांच्या भागाभोवती 10 टनांचा पोलादी जिग असणं यात नवल नाही. भाग पिळला जाऊ नये म्हणून जिग बहुधा तीन बिंदूंवर टेकवलेला असतो. डेक वाकला तरी चौथा कोपरा नसल्यानं पीळ आत पोचत नाही. कुणी "हलतंय" म्हणून चौथ्या कोपऱ्याखाली लाकूड ठोकलं, की ही सगळी रचना वाया जाते. चेन जिगच्या ठरलेल्या कानांनाच बांधायची, भागावरून बेल्ट कधीच टाकायचा नाही. बांधणीसाठी पुढच्या दिशेला वजनाच्या 0.8 पट आणि बाजूला व मागे 0.5 पट जोर धरायचा, म्हणजे 15 टनांना 12 आणि 7.5 टन. शॉक रेकॉर्डर जिगवर लावायचा. डेकवर लावलेला रेकॉर्डर रस्त्याची नोंद देतो, भागाला काय बसलं ते त्यावरून कळत नाही. सस्पेन्शन एअरचं असावं.

प्रोजेक्ट कार्गो, ब्रेकबल्क, ओव्हरसाइज या नावांतला फरक बिलावर आणि बंदरात. रस्त्यावर त्यानं काही अडत नाही. एक मात्र लक्षात ठेवायचं, की ओडीसीची परवानगी अविभाज्य मालालाच मिळते. दोन पेट्या एकावर एक रचून उंची वाढवली तर तो ओडीसी ठरत नाही, तो गुन्हा ठरतो.

दोन्ही प्रश्न एकत्र येतात ते ऑटोक्लेव्हच्या वेळी. कंपोझिटचा पंख ज्यात दाबाखाली भाजतात ते पोलादी भांडं. जेट्टीवर ताडपत्रीत गुंडाळलेलं ते आणि पंखाची पेटी लांबून सारखीच दिसतात. पण हे 80 टनांचं असलं तर आठ अ‍ॅक्सल लाइन लागतात. लाइनचं स्वतःचं वजन 4 टन धरलं तर एकूण 112 टन, दर लाइनला 14. इथे हायड्रोलिक हवाच. पुलाचा हिशेबही हवा. अतिजड खास गाडी पूल ओलांडते तेव्हा आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) संहितेप्रमाणे ती मध्यरेषेवरून, ताशी 5 किलोमीटरपेक्षा कमी वेगानं आणि पुलावर दुसरं वाहन नसताना न्यायची असते. पंचगंगेच्या पुलावर 15 टनांची पंखाची पेटीही कधीकधी अशीच सरपटत नेतात आणि मागे शिरोलीपर्यंत रांग लावतात. त्या पेटीला पुढे-मागे पायलट गाडी आणि शेजारची लेन मोकळी हवी. पुलाला तिचं काही वाटत नाही.

ऑटोक्लेव्ह 4.2 मीटर रुंद असेल तर मापाची परवानगीही लागेलच, आणि कोगनोळीच्या पुढे कर्नाटकाची दोन्ही वेगळी. तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर पुढे ढकलावी. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ पुराचं पाणी आल्यानं महामार्ग बंद होता. साधा ट्रक अशा वेळी वळसा घालून जातो. परवानगी एका ठराविक रस्त्याची असलेली ओडीसी गाडी जागेवरच उभी राहते, त्यामुळे पर्यायी रस्त्याचा सर्व्हे आणि त्याची परवानगी पहिल्या अर्जासोबतच मागून घ्यावी.