घरगुती मत्स्यालय : स्टँड व नळजोडणीचे नियोजन

घरगुती मत्स्यालयाचा स्टँड व नळजोडणी यांचे नियोजन म्हणजे काचेची टाकी पेलणारा सांगाडा आणि टाकीतले पाणी खाली आणून, गाळून पुन्हा वर नेणारी नळांची व्यवस्था यांची एकत्र केलेली आखणी होय. दोन फुटी टाकीला काठावर अडकवलेला फिल्टर आणि एखादे भक्कम टेबल पुरते. टाकी चार फुटांच्या घरात गेली, की गाळणीचे काम तिच्याखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, करणे सोयीचे पडते आणि तेथून पुढे स्टँड व नळ हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. सम्पच्या उंचीवर स्टँडची उंची ठरते, टाकीच्या तळाला भोक कोठे पाडायचे यावर स्टँडच्या माथ्याची आडवी पट्टी कोठे नको हे ठरते, आणि घरात टाकीसाठी कोणती भिंत मिळते यावर नळ डावीकडून उतरणार की उजवीकडून हे ठरते. मुंबईत हा क्रम बहुधा उलटा चालतो. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याहून टाकी आधी घरी येते, मग तिच्या मापाचा स्टँड केला जातो आणि प्लंबरला सर्वांत शेवटी बोलावले जाते. पुढच्या गळत्या, आवाज आणि अडचणी यांचे मूळ बहुतेक वेळा याच क्रमात असते. म्हणून टाकी बांधायला टाकणे हे या आखणीतले शेवटचे काम मानावे.

भार व जागा : उदाहरणासाठी १२० × ४५ × ४५ सेंमी. मापाची, म्हणजे साधारण चार फूट लांबीची टाकी घेऊ. एक चौरस मीटर क्षेत्रफळाची १० मिमी. जाड काच २५ किलो भरते, त्या हिशेबाने या टाकीची नुसती काच ५० किलोच्या आसपास जाते. काठोकाठ न भरता ४० सेंमी. पाणी ठेवले तरी ते सुमारे २०० लिटर, म्हणजे २०० किलो होते. तळाची वाळू व दगड यांचे ४० ते ५० किलो, लोखंडी स्टँड व त्याची प्लायवूडची दारे यांचे तितकेच आणि पाण्यासह सम्पचे ७५ किलो धरले, तर एकूण भार ४०० किलोच्या पुढे जातो. हा सगळा भार जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर उभा असतो.

भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो, इतका वापरभार धरला आहे. हा आकडा सबंध खोलीभर पसरलेल्या भारासाठी असतो, त्यामुळे टाकीखालच्या जागेवर सातशे-आठशे किलोंचा दर दिसला म्हणून स्लॅब धोक्यात आला असे लगेच म्हणता येत नाही. मात्र तोच भार स्लॅबच्या मध्यावर ठेवला तर स्लॅबवरील ताण वाढतो आणि तुळईच्या वर किंवा खांबाजवळ, भिंतीला लागून ठेवला तर बराच कमी राहतो. टाकीची लांब बाजू तुळईच्या दिशेत, शक्यतो तुळईवरच यावी. ज्या इमारतीच्या स्लॅबला खालून पापुद्रे सुटले आहेत, सळ्या उघड्या पडल्या आहेत, तेथे स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय चार फुटी टाकीचा विचार करू नये. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते; सोसायटीकडे तो अहवाल असेल तर तो या कामी आयता उपयोगी पडतो.

गॅलरीचा मुद्दा मुंबईत वेगळा सांगावा लागतो. काचा लावून खोलीत घेतलेली गॅलरी ही टाकीसाठी सर्वांना आवडणारी जागा असते, कारण ती मोकळी असते आणि पाणी सांडले तरी जाळीतून निघून जाते. परंतु जुन्या इमारतींतील गॅलरी बहुधा भिंतीबाहेर झुललेल्या स्लॅबवर असते आणि भार जितका बाहेरच्या कडेला जाईल तितका तो तिला जाचक होतो. शिवाय तेथे ऊन येते, पाणी तापते आणि काचांवर शेवाळ धरते. गिरगाव, परळ, लालबाग येथील लाकडी तुळया-फळ्यांच्या चाळींत तर चार फुटी टाकी टाळलेलीच बरी. लहान टाकी ठेवायची झाल्यास तिचा स्टँड एकाच कडीवर, म्हणजे जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडावर, न येता शक्य तितक्या अधिक कड्यांवर आडवा बसेल असा ठेवावा. चालताना जमीन हलत असेल आणि शेजारच्या कपाटातली भांडी वाजत असतील, तर ती जागा टाकीची नव्हे.

स्टँड : स्टँडची उंची साधारण ७५ ते ८० सेंमी. ठेवतात. ही उंची बसून पाहणाऱ्याच्या नजरेला जुळते, पण खरा हिशेब आतल्या सम्पचा असतो. सम्प ४० सेंमी. उंच असेल, तर तिच्यावर किमान २५ सेंमी. मोकळी जागा हवी. हात, गाळणीचा स्पंज आणि पंप हे त्या फटीतूनच आत-बाहेर करायचे असतात. सम्प दारातून अखंड बाहेर निघेल याकडे विशेष लक्ष द्यावे. टाकी भरल्यावर स्टँड हलवता येत नाही, आणि पुढच्या बाजूला मधोमध उभा पाय ठोकलेला असेल तर फुटलेली सम्प काढायला वरची सबंध टाकी उपसावी लागते. त्यामुळे पुढच्या बाजूचा मधला पाय वगळून वरची आडवी पट्टी जाड घेणे, किंवा तो पाय नटबोल्टने काढता-घालता येईल असा करणे, हे दोन मार्ग उरतात.

लोखंडी स्टँडसाठी ४० × ४० मिमी.चा, २ मिमी. जाडीचा चौकोनी पाइप या मापाच्या टाकीला पुरेसा असतो. दारूखाना या मुंबईतल्या लोखंडाच्या बाजारातून पाइप आणून फॅब्रिकेटरकडून सांगाडा जोडून घेताना एक गोष्ट कागदावर काढून द्यावी, ती म्हणजे माथ्याची चौकट चारही पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पायांच्या कुशीला चिकटवलेल्या चौकटीचा सारा भार वेल्डिंगच्या रेघेवर येतो. सुताराने केलेल्या लाकडी स्टँडलाही हाच नियम लागू होतो. भार लाकडावरून लाकडावर उतरावा, स्क्रूवर टांगलेला राहू नये. प्लायवूड घ्यायचे तर ते भारतीय मानक ७१०चे मरीन प्लाय घ्यावे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांना रोजच्या थेंबाथेंबाने फुगवटा येतो. मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर पाणी तेथूनच शिरते, म्हणून सनमायका लावण्याआधी कडांना इपॉक्सीचा हात द्यावा.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत लोखंड आतून गंजते. पाइपची उघडी तोंडे टोप्या वेल्ड करून बंद करावीत, वेल्डिंगचे सांधे घासून त्यांवर रेड ऑक्साइडचे दोन हात व नंतर इपॉक्सी रंग द्यावा. पायांच्या टोकांपेक्षा खालीही चौकट असलेली बरी, कारण चार पायांचा एकवटलेला भार पोकळ बसलेल्या लादीला तडा देऊ शकतो. लादीवर नाण्याने टकटक केली की पोकळ जागा आवाजावरून कळते. भिंतीच्या तळाला लादीची पट्टी पुढे आलेली असते, तेवढे अंतर आणि नळाच्या एल्बोसाठी, म्हणजे वळणाच्या जोडासाठी, लागणारे ८ ते १० सेंमी. अंतर धरून स्टँड भिंतीपासून दूर ठेवावा.

स्टँड जागेवर आल्यावर पाणसळ दोन्ही दिशांनी लावून पाहावी. मुंबईतल्या खोल्यांची जमीन मोरीकडे किंवा गॅलरीकडे थोडी उतरलेली असते आणि चार फुटांत पाच मिमी.चा उतारही पाण्याच्या रेषेत स्पष्ट दिसतो. हा फरक स्टँडच्या तळाशी पातळ पट्ट्या सरकवून भरून काढावा. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पाचरी कधीही घालू नयेत. तेथे फक्त माथ्याच्या प्लायवर अंथरलेला १० ते १२ मिमी. थर्माकोल असावा, जो बारीक उंचवटे गिळून काचेच्या तळाला सर्वत्र सारखा आधार देतो. स्टँडच्या आतल्या तळाला दोन सेंमी. उंचीची काठपट्टी लावून कोपरे सिलिकॉनने भरले, तर आठ-नऊ लिटर पाणी मावणारे ताट तयार होते. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छताला ओल येऊ नये यासाठी एवढ्या स्वस्तात दुसरा उपाय नाही.

नळजोडणी : टाकीच्या आत काचेने वेगळा केलेला कप्पा म्हणजे ओव्हरफ्लो; पाणी त्याच्या काठाच्या दात्यांवरून या कप्प्यात पडते, उतरत्या नळाने सम्पमध्ये येते, स्पंज व जैविक माध्यम (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर वाढतात ते साहित्य) यांतून जाऊन पंपाच्या कप्प्यात पोचते आणि पंप ते परतीच्या नळाने वर टाकतो. उतरता नळ गुरुत्वाकर्षणावर चालतो, त्यामुळे त्याची क्षमता वाढवता येत नाही. पंपाचा वेग त्याला जुळवून घ्यावा लागतो. हवा मिसळून उतरणाऱ्या एक इंची नळाची क्षमता ढोबळमानाने ताशी दोन हजार लिटरच्या आतच धरावी. दोनशे लिटरच्या टाकीला तासाला पाच वेळा, म्हणजे ताशी एक हजार लिटर, फेरा पुरेसा होतो. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पच्या पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंतची उंची येथे एक मीटरच्या थोडी वर जाते, त्यात प्रत्येक एल्बोचे घर्षण मिळते, म्हणून ताशी दोन ते अडीच हजार लिटरचा आणि किमान दोन मीटर उंची गाठणारा पंप घ्यावा. काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन वापरले तर पाणी कमी अडखळते.

एकच उतरता नळ ठेवणे अनेकांना पुरेसे वाटते, पण एक गोगलगाय किंवा गळलेले पान त्याला बंद करू शकते. दोन नळांच्या हर्बी पद्धतीत एक नळ पाण्याने पूर्ण भरलेला, गेट व्हॉल्व्हने आवळलेला आणि त्यामुळे जवळजवळ निःशब्द चालतो, तर दुसरा थोडा उंच, एरवी कोरडा राहून अडचणीच्या वेळी पाणी घेतो. बीनअ‍ॅनिमल या तीन नळांच्या पद्धतीत आणखी एक नळ थोडे पाणी वाहत ठेवतो. चाळीस-पन्नास लिटरच्या नव्हे तर दोनशे लिटरच्या टाकीखाली दुसऱ्याचे घर असताना दुसऱ्या नळाचा खर्च वाचवू नये, आणि या आणीबाणीच्या नळावर कोणताही व्हॉल्व्ह बसवू नये.

साऱ्या आखणीची कसोटी पंप बंद पडतो त्या क्षणी लागते. वीज गेली की परतीच्या नळातून पाणी उलटे वाहू लागते आणि नळाचे तोंड हवेत उघडे पडेपर्यंत ते थांबत नाही. आपल्या टाकीत पाण्याच्या पृष्ठाचा एक सेंमी. थर म्हणजे सुमारे ५.४ लिटर. परतीचे तोंड पाण्याखाली ४ सेंमी. असेल तर जवळजवळ २२ लिटर खाली येतील. काठावरून वाहत असलेले आणि नळांत भरलेले पाणी धरून २८ लिटरची तयारी ठेवावी. सम्पचा तळ ७५ × ३५ सेंमी. असेल तर हे पाणी तिची पातळी जवळजवळ ११ सेंमी. वर नेते. ४० सेंमी. उंच सम्पमध्ये चालू स्थितीची पातळी २२ सेंमी. ठेवली तर बंद स्थितीत ती ३३ सेंमी.वर थांबते आणि काठ शिल्लक राहतो. परतीचे तोंड पृष्ठापासून दीड सेंमी.वर आणले तर हा आकडा अर्ध्याच्या आसपास येतो. नळाला पाण्याच्या रेषेलगत बारीक भोक पाडून हवा आत घेण्याची युक्ती चांगली आहे, पण ते भोक शेवाळाने बुजते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्येही वाळूचा कण अडकून तो उघडाच राहतो. म्हणून या दोन्हींना जोड समजावे आणि मोकळी जागा मात्र सम्पमध्येच ठेवावी.

उलट अडचणही मोजून ठेवावी. उतरता नळ तुंबला तर पंप आपल्या कप्प्यातले सर्व पाणी वर फेकतो. तो कप्पा २० × ३५ सेंमी.चा आणि त्यात २० सेंमी. पाणी असेल तर १४ लिटर, म्हणजे वरच्या टाकीत सुमारे अडीच सेंमी. पाणी चढते. वर ठेवलेला चार-पाच सेंमी.चा रिकामा काठ येथे कामी येतो.

साहित्यात यूपीव्हीसी नळ, बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारे जोड, पुरतात. जस्ताचा मुलामा दिलेले नळ व पितळी फिटिंग टाळावीत. तांब्याचा अंश कोळंबी-गोगलगायींना विषारी असतो. पंपाच्या वर आणि प्रत्येक उतरत्या नळावर युनियन असावे, म्हणजे साफसफाईसाठी नळ कापावा लागत नाही. टाकीच्या काचेतून नळ काढण्यासाठी टँक निपल वापरतात. नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात एकाच एक इंची नावाने मिळणाऱ्या निपलचा बाहेरचा व्यास उत्पादकानुसार बदलतो, त्यामुळे निपल आधी हातात घ्यावे, कॅलिपरने मोजावे आणि मगच काचवाल्याला भोकाचे माप द्यावे. भोक काचेच्या कडेपासून किमान स्वतःच्या व्यासाइतके दूर असावे. टफन्ड, म्हणजे तापवून कठीण केलेल्या, काचेला भोक पाडता येत नाही, ती तत्काळ भुगा होते. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली येतो. नट हाताने आवळून वर पाव फेरा द्यावा, पान्याचा जोर लावू नये.

वीज व पाणीबदल : विजेचा बोर्ड सम्पच्या वर किंवा खाली न ठेवता बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेपेक्षा उंच ठेवावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता झोलाच्या तळाशी गळतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, व चालू अर्थिंग ही येथे ऐच्छिक बाब नाही.

महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते आणि त्यात क्लोरीन असते, म्हणून बदलीचे पाणी एका पिंपात आदल्या दिवशी भरून ठेवतात किंवा त्यात सोडियम थायोसल्फेट घालतात. पिंपाला घट्ट झाकण हवे, कारण उघड्या साठ्यात डासांच्या अळ्या होतात. परतीच्या नळावर एक टी (तीन तोंडांचा जोड) व व्हॉल्व्ह बसवून त्याला मोरीपर्यंत पोचणारी लवचीक नळी जोडता येईल अशी सोय केली, तर बादल्या वाहण्याचे काम संपते आणि पाणीबदल वेळच्या वेळी होतो.

चाचणी : सॉल्व्हंट सिमेंटचे सांधे चोवीस तास सुकू द्यावेत. त्यानंतर वाळू व मासे न घालता साध्या पाण्याने टाकी भरावी, दोन दिवस चालू ठेवावी आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळून ठेवावा. डोळ्याला न दिसणारी पाझर कागदावर डागाच्या रूपाने उमटते. या काळात पंप अनेकदा बंद-चालू करून सम्पची चढलेली पातळी पाहावी, मुख्य उतरता नळ हाताने बुजवून आणीबाणीचा नळ पाणी घेतो का हे तपासावे, आणि पाणसळ पुन्हा लावावी, कारण भरलेल्या टाकीखाली स्टँड थोडा बसतो. पंप बंद केल्यावर सम्पचे पाणी काठापर्यंत न चढता सुरक्षित थांबेल, एवढेच पाणी चालू स्थितीत भरावे व त्या चालू पातळीची रेघ सम्पच्या काचेवर बाहेरून मार्करने मारावी. बाष्पीभवनाची भर घालताना घरातल्या कोणीही या रेघेच्या वर पाणी घालू नये.