घरची जुनी भांडी: खान्देशात मोडीत काय गेलं, कपाटात काय उरलं

खान्देशातल्या जुन्या घरांत भांडी शोधायला गेलं की हिशोब उलटा लागतो. जिथे लग्नात मणभर पितळ आल्याचं सांगतात, तिथे आता देवघरातला तांब्या आणि माळ्यावरचं काळं पडलेलं घंगाळ (अंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) एवढंच निघतं. त्याच घराच्या भिंतीतल्या काचेच्या कपाटात मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कपबश्या, निदान बश्या तरी, शाबूत असतात. नाजूक माल टिकला आणि दणकट गेला, याचं कारण बाजारात आहे. पितळेला मोडीचा भाव मिळतो, चिनी मातीला मिळत नाही. फुटक्या कपाचे कोणी पैसे देत नाही, त्यामुळे कपबश्या विकायचा विषयच घरात कधी निघाला नाही.

फार मागे जाऊन उपयोग नाही. शेतकऱ्याच्या घरात मातीची भांडी, लाकडी काथवट, मांड्यांचं खापर आणि तांब्या-पितळेचे मोजके नग, असंच चित्र बराच काळ होतं. ते बदललं कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळला आली आणि तिथून एक फाटा नागपूरकडे, दुसरा जबलपूरकडे निघाला. हातात आलेला पैसा दोन गोष्टींत जाई, दागिन्यांत आणि भांड्यांत. दोन्ही अडीनडीला मोडता येतात. नाशिकच्या तांबटांचा माल गाडीने येऊ लागला, कासार गावोगाव फिरत. हंडा, गुंड, कळशी, कोपर, गंज (स्वयंपाकाचं पातेलं), बंब हा संसाराचा ऐवज झाला. १८९९-१९०० सालच्या छपन्नच्या (संवत १९५६) दुष्काळात यातलं बरंचसं धान्यासाठी गेलं. पितळ हे घरातलं भांडंही होतं आणि बँकही, हे ध्यानात ठेवलं नाही तर आजीने पितळ मोडीत काढलं ते चुकलं की नाही, हा पुढचा सगळा वाद कळत नाही.

चिनी माती घरात शिरली ती चहाबरोबर, असं सरसकट सांगितलं जातं. स्वयंपाकघरापुरतं ते खरं नाही. तिथे आधी आली बरणी. आंबट-खारट पदार्थ पितळेत कळकतात, तांब्यात तर विष होतात. लोणचं, चिंच, मीठ यांना मातीचं पण न पाझरणारं भांडं हवं होतं. वर तपकिरी, खाली पिवळट पांढरी, जाड अंगाची बरणी ही गरज भागवायची. तोंडाला फडक्याचा दादरा बांधला की वर्षाची बेगमी झाली. तापीकाठची सुरतेकडची लाइन १९०० च्या सुमारास जोडली गेली, त्यानंतर गुजरातचा माल इकडे यायला सोपं झालं. थानगढ, मोरबी, वांकानेर या बाजूला पुढे चिनी मातीचे कारखाने वाढले आणि बरणी, कपबशी दोन्ही तिकडून येऊ लागल्या. उत्तरेकडून ग्वाल्हेर आणि खुर्जा, पूर्वेकडून कलकत्ता. भुसावळ जंक्शन असल्याने आपल्याकडे सगळ्या दिशांचा माल सापडतो. एकाच कपाटात तीन प्रांतांच्या बश्या दिसल्या तर नवल वाटायला नको.

कपबशीची गोष्ट वेगळी आहे आणि ती तितकी गोड नाही. धातूचं भांडं राखेने घासून, विस्तवावर धरून शुद्ध करता येतं, मातीचं येत नाही, अशी समजूत होती. म्हणून सोवळ्याच्या घरात चिनी मातीला चुलीजवळ जागा नव्हती. पुण्यात १८९० साली मिशनऱ्यांकडच्या चहा-बिस्किटांवरून मोठं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झालं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. त्याची चर्चा इतकी झाली आहे की इथे विस्तार करत नाही. खान्देशात त्याचा पडसाद म्हणावा तर एवढाच, की घरातले थोर लोक पितळेच्या वाटीतून चहा पीत आणि कपबश्या ओसरीवरच्या कपाटात, बाहेरच्यांसाठी. आलेला मामलेदार, स्टेशनमास्तर, व्यापारी, दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा ओळखीचा माणूस, यांना त्यातून चहा. आज ज्याला आपण ‘पाहुण्यांचा खास सेट’ म्हणून कौतुकाने दाखवतो, त्याच्या मुळाशी आदरातिथ्य होतं तसं अंतर राखणंही होतं. हॉटेलांत तर ते उघड होतं. अस्पृश्य मानलेल्यांसाठी कान तुटलेली कपबशी बाहेर खुंटीला किंवा वळचणीला खोचलेली असे, ती ज्याची त्याने विसळून ठेवायची. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानंतरही ही चाल लगेच थांबली नाही. अशा कपबश्या संग्रहात कोणी ठेवत नाही, कोणी मागतही नाही. संग्रह करणाऱ्यांनी याचा विचार करावा असं मला वाटतं.

चहा सर्वदूर झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. चहा-उत्पादकांनी बाजारात, जत्रेत फुकट चहा पाजून प्रचार केला. आपल्या लोकांनी चहा घेतला, पण प्यायची रीत आपली ठेवली: बशीत ओतायचा आणि फुरक्या मारायच्या. जुनी बशी नीट पाहिली तर हे हाताला लागतं. बशी खोलगट असते, अर्ध्या कपाहून जास्त चहा मावेल अशी. काठावरची सोनेरी रेघ कपावर जशीच्या तशी चमकत असते आणि बशीवर पार पुसलेली, तीही सगळ्या बाजूंनी सारखी, कारण बशीला कान नसतो, हातात येईल त्या बाजूने ती ओठाला लागते. एवढं करूनही टिकल्या त्या बश्याच. कपाचा कान आधी जातो, मग कप मिठाच्या किंवा हळदीच्या डब्यात मापाला जातो. सहाच्या सेटमधले दोन कप आणि सहा बश्या, हे खान्देशी घरातलं नेहमीचं प्रमाण.

साल ओळखायला बूड उलटं करून पाहावं लागतं. देशाचं नाव छापलेलं असेल तर तो माल साधारण १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि निर्यातदार सगळीकडे ते छापू लागले. ‘आर.डी. नंबर’ असा आकडा दिसला तर इंग्लंडात १८८४ पासून सुरू झालेल्या नक्षीनोंदणीचा तो क्रमांक. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची वर्षं. भुसावळकडे कधीकधी ‘जी.आय.पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अक्षरांची जाड पांढरी बशी निघते. ती रेल्वेच्या उपाहारगृहातली किंवा साहेबांच्या बंगल्यातली, आणि ही कंपनी १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे बशी त्याआधीची. ती त्या घरात कशी आली हे विचारू नये. बुडावर काहीच छाप नसेल तर वय सांगणारा विक्रेता ठोकून देतो आहे असं समजावं.

आता मूळ वादाकडे. साधारण १९६० पासून पुढच्या पंचवीस वर्षांत खान्देशातल्या घरांनी पितळ देऊन स्टील घेतलं. आज नातवंडं कळवळतात, ‘आजीने कवडीमोलाने मोडीत काढलं’ म्हणून. हा आरोप मला मान्य नाही, निदान सरसकट नाही.

पितळ सांभाळणं म्हणजे काय, हे आरोप करणाऱ्यांनी केलेलं नसतं. रोजची भांडी चिंच आणि राखेने घासायची. पाण्याने भरलेला पितळी हंडा कमरेवर घेऊन विहिरीवरून यायचं. स्वयंपाकाच्या गंजाला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा मुलामा, लागतेच. कथील सुमारे २३२ अंशांना वितळतं, म्हणजे भांडं रिकामं चुलीवर राहिलं की कल्हई गेली. मग कल्हईवाला येईपर्यंत त्यात ताक नाही, कढी नाही, चिंचेचं वरण नाही. तो आला की दारात खड्डा, भाता, कोळसे, नवसागराचा पांढरा धूर, आणि दर नगामागे पैसे. स्टीलने हे सगळं एका फटक्यात बंद केलं. स्टील कळकत नाही, गंजत नाही, पोर उचलू शकतं. नळ आणि गॅस यायच्या आधी बाईच्या कामातलं एवढं ओझं दुसऱ्या कुठल्या वस्तूने क्वचितच कमी केलं असेल.

व्यवहारही दिसतो तितका भोळा नव्हता. दुकानदार पितळ किलोवर घेई, त्यात डाग दिलेल्या जोडाची, कथलाची, मळाची घट धरी. स्टील मात्र बऱ्याचदा नगावर देई. स्टीलचा पत्रा पातळ, भांडं हलकं. एका जड घंगाळाच्या बदल्यात ताटं, वाट्या, पेले असा अख्खा संच समोर मांडला की सौदा बाईच्या बाजूचा दिसे. वजनावर वजन ठेवून पाहिलं असतं तर तो तसा नव्हता. दुकानदाराचा फायदा झाला यात शंका नाही आणि घट किती धरावी याला धरबंध नव्हता हेही खरं. पण घंगाळ वापरात नव्हतं. न्हाणीत बादली आली होती. माळ्यावर पडलेली बँक मोडून रोजच्या वापराची वस्तू घेतली, तर ते नुकसान कसं म्हणायचं?

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी मोडीत गेलेलं पितळ स्टीलच्या हौसेने गेलं नाही, ज्वारीसाठी गेलं. नातवंडांच्या तक्रारीत ही दोन्ही खाती एकत्र होतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलमच्या कारखान्यातून देशी स्टेनलेसचा पत्रा निघू लागला, आंदणातही स्टील आलं आणि मोडीची घाई आपोआप संपली. तोवर उरलं होतं ते देवाचं, पाणी तापवायचं, किंवा ज्यावर कोणाचं तरी नाव होतं असं.

नावांबद्दल थोडं. टिंब टिंब ठोकून काढलेली अक्षरं, आधी छिन्नीने, नंतर विजेच्या पेनाने. ‘चि. सौ. कां. हिस मामांकडून सप्रेम भेट’, खाली गाव आणि तारीख. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, जागा संपली की ‘भेट’ दुसऱ्या ओळीत. कपबश्यांच्या बुडाला जे काम छाप करतो ते इथे हे नाव करतं, उलट जास्तच सांगतं. कोणाची लेक कुठे दिली, मामाकडची ऐपत काय होती, गुंड दिला की नुसता तांब्या, सगळं त्यात असतं. आंदण मोडीत देताना सासूने सुनेचं नाव असलेला नग आधी काढला की स्वतःचा, यावरून झालेली भांडणं अजून सांगितली जातात. कायद्याने पाहिलं तर स्त्रीधन बाईचं. मोडीच्या दुकानात मात्र सौदा बऱ्याच वेळा घरातला पुरुष करी. आजीवर खापर फोडताना हे राहून जातं.

चिनी मातीच्या वाट्याला असा वाद आला नाही. तिला हळूहळू बाजूला सारलं मेलामाइनने, मग नव्वदच्या दशकात पांढऱ्या ओपल काचेच्या सेटांनी. बोन चायनाला शाकाहारी घरांत, विशेषतः महानुभाव आणि जैन कुटुंबांत विरोध राहिला, आणि तो रास्तच. त्यात हाडांची राख असते, नावापुरती नाही, भरपूर. जुनी साधी चिनी माती त्यातली नव्हे, पण एकदा संशय बसला की दोन्ही सेट कपाटाबाहेर पडत नाहीत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वारं फिरलं. काशाच्या ताटात जेवा, तांब्याचं पाणी प्या, असे सल्ले घरोघरी पोचले. कासं म्हणजे ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील. ते आंबटाला पितळेपेक्षा बरं, पण ‘सगळे रोग जातात’ वगैरे सोडून द्यावं. पडलं की तडकतं, तडकलेलं सांधत नाही. पितळी गंजात वरण करायचं तर कल्हई हवीच आणि कल्हई करणारे हात आता जळगाव-धुळ्यातही शोधावे लागतात. जुन्या रंगीत कपबश्या वापरायच्या हौशीला एक आवर घालावा. जुन्या झिलईत आणि झिलईवरच्या रंगात शिसं असू शकतं, आंबट पदार्थात ते उतरतं. कोरडा फराळ ठेवा, लोणचं नको. झिलईवर जाळीदार भेगा असतील तर वापर नकोच. सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालू नये.

बाजारात जुना माल आता नगावर विकला जातो, घरांतून तो विकत घेणारे दुकानदार मात्र अजून किलोचाच भाव धरतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात, त्यामुळे परदेशी पाठवायच्या आधी चौकशी केलेली बरी, हे सांगणारा विक्रेता विरळा. आणि ज्या नावांमुळे हे पितळ टिकलं, तीच आता विक्रीला आड येतात. दुसऱ्याचं आंदण घरात कशाला, म्हणून गिऱ्हाईक कचरतं. मग दुकानदार बफ मारून अक्षरं घालवतो, लखलखीत करतो आणि वर थोडा काळपटपणा परत आणून ‘शंभर वर्षं जुनं’ म्हणून ठेवतो. नाव-तारखेसकट घ्यायला तयार असणारं गिऱ्हाईक भेटलं तर किंमत त्याने आधी ठरवून घ्यावी, कारण बफ मारायचे पैसे वाचूनही दुकानदार ते कमी करत नाही.