एक्क्यांची जोडी हरते तेव्हा

लास वेगासच्या कॅसिनोंत रोज गर्दी असते ती एक-दोन किंवा एक-तीन डॉलरच्या पोकर टेबलांवर, म्हणजे जिथे डाव सुरू होताना लावायच्या सक्तीच्या दोन पैजा एवढ्याच असतात. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंतही पोकरची टेबलं आहेत आणि पत्त्यांचं गणित तिथेही तेच. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडतात, आणि या सातांतले सर्वांत भारी पाच मोजले जातात. त्यात हातात दोन एक्के येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. डीलर हाताने पत्ते वाटतो, त्यामुळे तासाला जेमतेम तीसेक डाव होतात. म्हणजे सरासरी सात तासांहून जास्त वाट पाहायची, तेव्हा ही जोडी दिसणार. ती हरली की जिव्हारी लागणारच.

एक डाव नीट पाहू. तुमच्याकडे इस्पिकचा आणि चौकटचा एक्का, समोरच्याकडे बदामचा राजा आणि बदामची चौकी. मधले पहिले तीन पत्ते उघडले: इस्पिक नव्वी, बदाम सत्ती, बदाम दुर्री. दोघांचेही दोनशे डॉलर आत गेले. समोरच्याकडे बदामचे चार झाले; पाचवा आला की ते पाच बदाम एक्क्यांच्या जोडीवर मात करतात. न दिसलेले पत्ते 45, त्यांत बदाम 9, आणि उघडायचे राहिलेत दोन. दोन्ही पत्ते बदामाचे नसण्याची शक्यता 36/45 गुणिले 35/44, म्हणजे जवळपास 64 टक्के. इतर बारीकसारीक शक्यता धरल्या की एक्के साधारण 63 टक्के वेळा जिंकतात. उरलेल्या 37 टक्के वेळा समोरचा चारशे डॉलर ओढून घेतो आणि टेबलावर ‘काय नशीब!’ असा सूर निघतो. पण अशा तीन डावांत सरासरी एकदा तरी घडावी अशी ही गोष्ट आहे. तिला आक्रीत म्हणण्यात अर्थ नाही.

खरी अडचण वेगळीच आहे: लाइव्ह, म्हणजे टेबलावर समोरासमोर खेळणाऱ्याच्या वाट्याला डावच फार थोडे येतात. डाव वाढतील तशी सरासरी खऱ्या शक्यतेकडे सरकते, हे याकोब बर्नोलीचं गणित 1713 मध्ये छापून आलं. पण किती डाव लागतील, हा प्रश्न उरतोच. समजा एखादा चांगला खेळाडू सरासरी तासाला 10 डॉलर कमावतो आणि त्याचा तासाचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 100 डॉलर आहे. एक-दोन डॉलरच्या टेबलावर हे आकडे वास्तवाला धरून आहेत. शंभर तासांत कमाई अपेक्षित 1000 डॉलर. चढउतार मात्र वर्गमुळाने वाढतो, म्हणून तोही 1000. याचा अर्थ उत्तम खेळूनही शंभर तासांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 16 टक्के. चारशे तासांनंतर ती दोन टक्क्यांच्या आसपास येते. आठवड्याला चार तास खेळणाऱ्याला चारशे तास भरायला दोन वर्षं लागतात! सहा महिने हरतोय एवढ्यावरून आपण वाईट खेळतो असं ठरत नाही, आणि सहा महिने जिंकतोय यावरून आपण चांगले खेळतो असंही नाही.

मात्र सगळा तोटा नशिबाच्या खात्यावर टाकणं ही फसवणूक आहे. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, आपला वाटा, म्हणजे रेक, कापतो. तो बऱ्याच ठिकाणी पाच डॉलरपर्यंत असतो. तासाला तीन पॉट जिंकणाऱ्याचे त्यात दहा-पंधरा डॉलर सहज जातात, डीलरची टिप वेगळी. बहुतेक खेळाडू दीर्घकाळात हरतात याचं मोठं कारण हे आहे, आणि बदामाच्या पत्त्यांइतकी त्याची चर्चा होत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता मनाकडे वळू. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख मोठं असतं. 1992 च्या त्यांच्या अंदाजात ते सव्वादोन पट निघालं. त्याहून घातक म्हणजे तोट्यात असलेला माणूस जास्त जोखीम पत्करतो. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांना 1990 मध्ये आढळलं की आधी हरलेल्यांना झालेलं नुकसान एका झटक्यात भरून निघेल अशा पैजांची विशेष ओढ असते. टेबलावर तीनशे डॉलर गमावलेला माणूस एरवी फेकून दिले असते ते पत्ते खेळू लागतो तो यामुळेच. त्यात लाइव्ह खेळात दोन डावांमध्ये कुढायला वेळ भरपूर, समोर जिंकलेला माणूस चिप्स रचत बसलेला. डोकं शांत व्हायला तिथे वाव नसतो.

म्हणून किती हरल्यावर उठायचं, हे बसण्याआधी ठरवलेलं बरं. पत्त्यांना स्मृती नसते, त्यामुळे उठल्याने पुढच्या डावाची शक्यता तसूभरही बदलत नाही. या मर्यादेचा उपयोग एकच: बिघडलेल्या डोक्याने घेतलेल्या निर्णयांपासून ती पैसे वाचवते. आणि ते पैसे घरभाड्याचे किंवा मुलांच्या फीचे असतील, तर खेळायला बसूच नये. तिथे कुठलंही वर्गमूळ मदतीला येणार नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती वही. सगळे पैसे आत गेले त्या क्षणी पारडं कसं होतं, ते लिहायचं. वरच्या डावात चारशेच्या 63 टक्के, म्हणजे 252 डॉलर एक्क्यांच्या वाट्याचे. टाकले दोनशे, तेव्हा निर्णयाची किंमत अधिक 52. प्रत्यक्ष निकाल उणे 200. दोन्ही रकाने शेजारी ठेवायचे. आणि कधी आपण बदामाच्या बाजूला असू आणि बदाम आलाच, तर त्या डावाचा हिशेबही याच वहीत, याच पद्धतीने लिहायचा. तो लिहायचा हमखास राहून जातो.