व्हॅक्सिन डेपोचे मैदान: देवीच्या लशीपासून सकाळच्या सरावापर्यंत

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेवर सराव करणाऱ्या एका स्थानिक क्लबने या जागेचा इतिहास गोळा करायला सुरुवात केली आहे. डेपोचे पुढे काय करायचे, ही चर्चा बेळगावात दर दोन-चार वर्षांनी निघते. खेळाडू दरवेळी 'आम्ही इथे खेळतो' एवढेच सांगू शकतात, आणि त्या सांगण्याला कागदाचा आधार नसतो. म्हणून हा खटाटोप. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, पहाटे फिरायला येणाऱ्यांना व्हॅक्सिन डेपो हे नाव पाठ आहे. पण इथे कसली व्हॅक्सिन होती, असे विचारले तर पंचविशीतला खेळाडू गप्प होतो.

या भागाचा फार जुना इतिहास मैदानापुरता उपयोगाचा नाही. रट्टांचा किल्ला, बहमनी, आदिलशाही, पेशवाई हे सगळे घडले ते शहराच्या दुसऱ्या अंगाला. एप्रिल 1818 मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला, पुढे कॅम्प म्हणजे लष्करी छावणी वसली आणि 1836 मध्ये धारवाडपासून तोडून बेळगाव जिल्हा झाला. शेजारचे शहापूर मात्र 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते. म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर दोन राज्यांचे अंमल होते आणि मध्ये अनगोळ, वडगावची शेते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली आणि रुळांच्या पलीकडचे मोकळे रान वसाहतीसाठी, सरकारी संस्थांसाठी डोळ्यांपुढे येऊ लागले. टिळकवाडी उभी राहिली ती याच रानावर.

देवीच्या लशीची गोष्ट मुंबई इलाख्यात त्याआधीच सुरू झाली होती. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण. नंतरची कित्येक वर्षे लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशीच पुढे जात राहिली. टोचलेल्या मुलाला आठवड्याने बोलवायचे, त्याच्या फोडातला पाझर घ्यायचा आणि पुढच्या मुलाला टोचायचा. परक्या मुलाच्या अंगातले पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालायला लोक तयार नसत. जातीचा विटाळ आडवा येई आणि दुसरे रोग लागण्याची भीतीही खरीच होती. कायदे झाले. 1880 च्या लसीकरण कायद्याने ठरावीक नगरपालिका आणि कॅम्पांच्या हद्दीत सक्ती करण्याची मुभा दिली. पण सक्ती करायची तर लस हवी, आणि दंडावरून दंडावर नेऊन ती पुरी पडणार नव्हती.

यावर तोडगा निघाला तो जनावरांचा. वासराच्या पोटाचे केस काढायचे, कातडी धुऊन घ्यायची, तिच्यावर बारीक रेघा ओढून त्यात मूळ लस चोळायची. पाच-सहा दिवसांनी तिथे फोडांचा थर येतो. तो खरवडून घ्यायचा, ग्लिसरीनमध्ये घोटायचा, थंडीत ठेवून द्यायचा म्हणजे नको ते जंतू मरतात, आणि मग बारीक काचेच्या नळ्यांत भरायचा. ही सारी कामे एका जागी व्हायची तर गोठे हवेत, वैरण हवी, पाणी हवे, जनावरांना मोकळे सोडायला रान हवे आणि हवा थंड हवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इलाख्याची लस बनवणारी संस्था बेळगावात उभी राहिली, तेव्हा या गावाजवळ हे सगळे होते. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंचीवरची हवा, आणि नळ्यांच्या पेट्या पुढे पाठवायला रेल्वे.

क्लबच्या मुलांना सर्वांत जास्त पटली ती हीच गोष्ट. या जागेचा मोकळेपणा आपोआप राहिलेला नाही. आजूबाजूला प्लॉट पडले, बंगले उठले, रस्ते झाले आणि मधला हा मोठा तुकडा तसाच राहिला, कारण त्याच्यावर लशीच्या कामाचा हक्क होता. ज्या मातीवर आज स्टंप रोवले जातात ती माती एका सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठी राखून ठेवली गेली होती. खेळाच्या मैदानाला याहून चांगला पूर्वज कुठून मिळणार!

डिसेंबर 1924 मध्ये याच टिळकवाडी भागात काँग्रेसचे अधिवेशन झाले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. 'विजयनगर' नावाने तात्पुरते गाव वसवले होते आणि पाण्यासाठी विहीर खणली होती. बेळगावात अधिवेशनाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, त्याची शताब्दीही झाली, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या गर्दीची जागा लोकांनी स्मारक करून जपली, काँग्रेस रोड नावही रुळले. तिच्याच शेजारी लाखो मुलांना मरणापासून वाचवणारे काम वर्षानुवर्षे चालले, त्याला मात्र तेवढा मान मिळाला नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. सीमाप्रश्नावर बोलताना शाळा, भाषा, उतारे, नोकऱ्या यांचा हिशेब मांडला जातो. लशीच्या संस्थेचा हिशेब कोणी मांडत नाही. मुंबई इलाख्यासाठी उभारलेली ही संस्था एका रात्रीत दुसऱ्या राज्याची झाली. तिची जमीन, तिच्या इमारती, तिचे कर्मचारी, तिची कागदपत्रे, सगळेच. आणि कागदपत्रांची खरी फाटाफूट इथूनच सुरू होते. आधीचे अहवाल मुंबईकडे, नंतरचे बेंगळुरूकडे, आणि रोजच्या वह्या जिथे होत्या तिथे.

1962 मध्ये देशभर देवी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. तोवरची पातळ लस उन्हाळ्यात काही दिवसांत निकामी होई. खेड्यात पोचेपर्यंत तिच्यात जोर उरत नसे आणि टोचूनही देवी येत, त्यामुळे लोकांचा विश्वास उडे. वाळवून पूड केलेली लस उष्णतेतही महिनाभर टिके. अशी वाळवलेली लस देशात चार ठिकाणी बनू लागली: नैनितालजवळ पटवाडांगर, मद्रासचे गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. सोव्हिएत संघाने दिलेली लसही तेव्हा मोठ्या प्रमाणात वापरली गेली, पण देशाला स्वतःच्या लशीवर उभे करणाऱ्या चार जागांपैकी एक आपल्या टिळकवाडीत होती. मे 1975 मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण आढळला, 1977 मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि 8 मे 1980 रोजी जगातून देवी गेल्याची घोषणा झाली. साठीच्या पुढच्या बेळगावकरांच्या दंडावर देवी काढल्याचे गोल व्रण अजून आहेत. क्लबमधल्या जुन्या खेळाडूंनी बाह्या वर करून ते मुलांना दाखवले आणि मग ही चर्चा खऱ्या अर्थाने रंगली.

रोग गेला तसे लशीचे काम संपले. आवारात आरोग्य खात्याची इतर कामे चालत राहिली, पण गोठ्यांची आणि मोकळ्या रानाची गरज उरली नाही. मग पोरे आत शिरली. आधी अनगोळ, टिळकवाडी, हिंदवाडीची मुले, नंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा, पावसाळ्यात तांबड्या चिखलातला फुटबॉल, पहाटे चालणारे लोक, पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यातली पोरे. क्लबला जे कागद मिळाले त्यांत या जागेला मैदान ठरवणारा आदेश एकही नाही. लोकांनी वापरून वापरून ती मैदान केली. इतिहास शोधताना हाती आलेली ही सर्वांत अडचणीची बाब आहे.

अडचणीची अशासाठी की गेल्या वीस वर्षांत या जागेवर बऱ्याच जणांनी हक्क सांगितला. 2006 मध्ये बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागले, 2012 मध्ये त्यासाठी सुवर्णसौध ही इमारत उभी राहिली. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मराठी भाषकांचा महामेळावा घ्यायचा, ही प्रथा पडली आणि व्हॅक्सिन डेपो हे त्याचे ठिकाण बनले. सीमाभागातल्या खेड्याखेड्यांतून माणसे येत. 2021 मध्ये मेळाव्याच्या ठिकाणीच एका मराठी नेत्यावर शाई फेकली गेली. पुढच्या वर्षी, डिसेंबर 2022 मध्ये परवानगीच नाकारली आणि परिसरात जमावबंदी लागली. त्या दिवशी सराव करणाऱ्या मुलांनाही फाटकावरून परत जावे लागले. दुसरीकडे, जानेवारी 2016 मध्ये पहिल्या वीस स्मार्ट सिटींत बेळगावची निवड झाली, डेपोच्या आवारातही कामांचे प्रस्ताव आले, आणि झाडे व जुन्या वास्तू जाणार या भीतीने परिसरातल्या नागरिकांनी विरोध केला.

आता क्लबमधला वाद. मिळालेली माहिती एका फलकावर आणि एका छोट्या पुस्तिकेत मांडायची, असे ठरले. मसुदा तयार झाला तेव्हा तो 1980 ला, देवीच्या शेवटाशी थांबला होता. मेळावे, बंदी, शाई, स्मार्ट सिटी यातले काहीच त्यात नव्हते. तरुण पदाधिकाऱ्यांचे म्हणणे असे: क्लबमध्ये मराठी, कानडी, उर्दू बोलणारी मुले एकत्र खेळतात. फलक लावायला आरोग्य खात्याची परवानगी लागणार. त्यात सीमाप्रश्नाचे एक वाक्य जरी आले तर परवानगी तर मिळणार नाहीच, उलट सकाळचा सरावही बंद पडेल. लशीचा इतिहास सर्वांचा आहे, तो आधी लोकांपुढे येऊ द्या.

ज्येष्ठ सभासदांना हे मान्य नाही. त्यांच्यातले काही पूर्वी मेळाव्याला सतरंज्या घालायलाही होते आणि संध्याकाळी त्याच जागेवर नेट बांधायलाही. त्यांचे म्हणणे असे की ही जागा चाळीस वर्षे मैदान म्हणून टिकली ती लोक इथे जमत राहिले म्हणून. क्रिकेटला जमले तसे सभेलाही जमले. सार्वजनिक जागेची सवय दोन्हींनी लावली. 1980 नंतरचा भाग गाळला तर फलक वाचणाऱ्याला वाटेल की संस्था बंद पडली आणि जागा रिकामी झाली. रिकाम्या जागेवर काहीही बांधता येते. म्हणजे खेळाडूंची बाजू भक्कम करायला निघालेला फलक तिलाच कमकुवत करील.

तिसरे म्हणणे थोड्यांचे आहे पण विचारात घेण्यासारखे आहे. ही जमीन आरोग्य खात्याची आहे आणि तिचा उद्देश आरोग्य हा आहे. खेळणे, चालणे, धावणे हेही आरोग्यच. तेव्हा क्लबने मैदान म्हणून वेगळा हक्क मागण्याऐवजी जागेचा मूळ उद्देश चालू ठेवण्याची मागणी करावी. यात मेळाव्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि इमारतींनाही अटकाव होतो. मात्र खाते स्वतःच उद्या या जागेवर रुग्णालय बांधतो म्हणाले तर काय, याला त्यांच्यापाशी उत्तर नाही.

मला ज्येष्ठांचे म्हणणे जास्त पटते. सीमाभागात राहणाऱ्या माणसाने नको त्या गोष्टी न बोलण्याची सवय अंगी बाणवली आहे, आणि तिची किंमत आपण वारंवार मोजली आहे. लशीची संस्था मुंबईकडून म्हैसूरकडे गेली, ही ओळ लिहिल्याशिवाय तिचे कागद कुठे शोधायचे हेसुद्धा सांगता येत नाही. मग 1956 लिहायचे आणि 2006 गाळायचे, हे कोणत्या न्यायाने? तरुणांची भीती खोटी नाही. फाटक बंद झालेले त्यांनी पाहिले आहे. पण भीतीपोटी गाळलेला इतिहास त्यांचे फाटक उघडे ठेवील याची हमी कोण देणार?

तूर्त मसुदा मागे ठेवून क्लब सामग्री वाढवत आहे. मुंबई इलाख्यातल्या लसीकरणाचे वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर आणले आहेत. त्यांतले बेळगावविषयीचे उल्लेख दोन महाविद्यालयीन खेळाडू उतरवून काढत आहेत. मुंबईच्या पुराभिलेखात अर्ज करायचा आहे. घरोघरी फिरून देवी काढणारे, ज्यांना खेड्यात देवी डॉक्टर म्हणत, त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे सर्वांत तातडीचे. ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. अनगोळ आणि मजगावच्या काही घरांत पूर्वी डेपोला वैरण घालणारे लोक होते, असे ऐकायला मिळाले आहे, त्यांचाही शोध सुरू आहे. फलक 1980 ला थांबणार की आजपर्यंत येणार, याचा निर्णय पावसाळ्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत होणार आहे.